पाणी ओसरलं, मी मात्र अजून जागीच

पावसाळा तोंडावर आला की या सदराकडे येणारी पत्रं वाढतात, हे मी आपल्या बडोद्यातल्या २०२४ च्या पुरानंतर बघतेय. आधी सासू-सून, मुलांचा मोबाइल, लग्न जमत नाही असलं यायचं, आता अर्ध्या पत्रांत विश्वामित्री नदी असतेच. यावेळी चार पत्रं घेतलीत. नावं नेहमीप्रमाणे नाहीत, आणि ओळखू येईल असे एक-दोन तपशील बदललेत, तेव्हा "ही आमच्या सोसायटीतलीच का?" असं मला बाजारात थांबवून विचारू नका प्लीज.

ताई नमस्कार. मी ४४ वर्षांची, कारेलीबागेत ग्राउंड फ्लोअरला राहते, म्हणजे पुढचं तुम्हाला कळलंच असेल. गोकुळाष्टमीला पाऊस लागला आणि दुसऱ्या दिवशी पाणी आमच्या बैठकीत कमरेपर्यंत आलं. त्या तीन दिवसांत मी एकदाही घाबरले नाही, खोटं वाटेल पण खरंय. मेन स्विच मी बंद केला, सिलिंडर मी चढवला, सासूबाईंना तिसऱ्या मजल्यावर मी नेलं, तिथे चौदा माणसांची खिचडी दोन वेळा मी केली. मिस्टर जिन्यात नुसते उभे होते. नंतर चिखल काढला आणि ७ सप्टेंबरला गणपतीही बसवला, मागच्या भिंतीवर पाण्याची रेघ तशीच होती, तिच्यापुढे मखर लावलं. सगळे म्हणाले तुम्ही होतात म्हणून निभावलं. आणि मग नोव्हेंबरमध्ये, सगळं नीट लागल्यावर, हातातून चहाचा कप पडून फुटला आणि मी चार तास रडत होते. तेव्हापासून झोप गेलीय. पाऊस असो नसो, रात्री तीनला उठून मोबाइलवर नदीची पातळी बघते. मिस्टर अर्धा तास लेट झाले तरी हातपाय गार पडतात. अजून एक सांगते, कुणाला सांगितलेलं नाहीये. लहानपणी आम्ही दांडिया बाजारच्या एका वाड्यात राहायचो, वडील प्यायचे. ते सायकल स्टँडवर लावायचे त्या आवाजावरून मला कळायचं आजची रात्र कशी जाणार. एका झटक्यात लागला तर ठीक. दोन-तीनदा घसरला की मी धाकट्या दोघांना उठवून मागच्या ओट्यावर न्यायची आणि गप्प बसवायची. बाबांना जाऊन सोळा वर्षं झाली, पूर पण गेला. मग हे आत्ता का?

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, आणि सायकलच्या स्टँडपाशी दोन्ही वेळा थांबले. तुमचं उत्तर तिथेच आहे आणि ते तुम्हालाही ठाऊक आहे, नाहीतर पुराच्या पत्रात सायकल आली नसती.

आपल्या मेंदूत बदामाएवढा एक भाग असतो, अमिग्डाला म्हणतात त्याला, धोका दिसला की घंटा वाजवणं हे त्याचं काम. ज्या घरात रात्र कशी जाईल याचा भरवसा नसतो तिथल्या मुलांची ही घंटा फार हलकी होते, जरा हात लागला की वाजते. यात तुमची चूक नव्हती, उलट ती हुशारी होती, कारण स्टँड घसरल्याचा आवाज वेळेवर ऐकला म्हणून धाकटी दोघं मागच्या ओट्यावर पोचली. पण घंटेला कोण सांगणार की बाबा गेले, आता ड्युटी संपली? ती तशीच हलकी राहते. लहानपणी घरात सतत ताण असलेल्या माणसांवर मोठेपणी संकट आलं तर त्यांना डिप्रेशन किंवा घबराटीचा त्रास सुरू व्हायला इतरांपेक्षा कमी धक्का पुरतो, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. तुमच्यावर तर कमी धक्का नव्हता, नदी ३७ फुटांच्या आसपास गेली होती आणि वनखात्याने तीन दिवसांत २४ मगरी वस्तीतून उचलल्या.

आता आत्ताच का, ते. पुरात तुम्ही घाबरला नाहीत कारण ते काम तुम्हाला सातव्या-आठव्या वर्षापासून येत होतं, धोका आला की आधी बाकीच्यांना हलवायचं, आवाज करायचा नाही, स्वतःचं नंतर बघू. मिस्टर जिन्यात उभे राहिले यावर तुम्हाला राग आलेला दिसतो पत्रात, येऊ दे, पण मी त्यांच्याकडून एवढंच म्हणेन की कदाचित त्यांना लहानपणी कधी कुणाला ओट्यावर न्यावं लागलं नसेल. बऱ्याच माणसांचं असं होतं की हातात काम आहे तोवर शरीर खेचत राहतं, आणि भिंती वाळल्या, सोफा आला, गणपती झाला, दिवाळी झाली, की "स्वतःचं नंतर बघू" मधलं ते नंतर येऊन उभं राहतं. कप निमित्त हो. मला तर बरं वाटलं की कपच होता.

करायचं काय, तर आधी तो मोबाइल. पातळी बघणं बंद करा असं मी सांगणार नाही कारण तुम्ही करणार नाही, आणि आपल्या गावात पावसाळ्यात पातळी बघणं हा काही वेडेपणा नाहीये. सकाळी एकदा, रात्री जेवणानंतर एकदा, आणि रात्री फोन बैठकीत चार्जिंगला. तीनला जाग आली तर उठा, पाणी प्या, खिडकीतून बाहेर बघा, रस्ता कोरडा आहे हे डोळ्यांनी बघा, स्क्रीनवर नाही.

दुसरं जास्त अवघड आहे. या वर्षी पाणी येवो न येवो, कामं आत्ताच वाटून टाका. मेन स्विच आणि सिलिंडर मिस्टरांकडे, सासूबाईंची औषधं आणि कागदपत्रांची पिशवी घरात जो कोणी हातीपायी धड आहे त्याच्याकडे. ते तुमच्यासारखं करणार नाहीत, चुकतील, सिलिंडर आडवा ठेवतील. तुम्ही सांगायचं एकदा आणि मग गप्प बसायचं. (मी स्वतः पुरात लोणच्याची बरणी वर नेली आणि डिग्रीची फाइल खाली राहिली, आणि तरी मी इथे तुम्हाला सल्ले देतेय, तेव्हा चुकल्याने काही अडत नाही.) तुम्हाला आयुष्यात कधीतरी दुसऱ्याच्या भरवशावर जिना चढायची सवय व्हायला हवी आणि ती कोरड्या दिवसातच लागते.

तिसरं म्हणजे सायकलचं मिस्टरांना सांगा. मला सांगितलंत तसंच, तेवढ्याच वाक्यांत. अर्धा तास उशीर झाला की तुमचे हातपाय का गार पडतात हे त्या माणसाला ठाऊकच नाहीये, त्याला वाटत असणार ही संशय घेतेय. कळलं तर तो निघताना एक मेसेज टाकेल, एवढंच पुरतं कधीकधी.

आणि झोप जाऊन इतके महिने झालेत तर नुसत्या सदरावर भागवू नका. सायकिॲट्रिस्टकडे जा, सयाजी हॉस्पिटलमध्येही मानसिक आजारांचा विभाग आहे, प्रायव्हेटच हवं असं काही नाही. असे जुने धक्के उलगडायच्या ठरलेल्या पद्धती असतात, त्यात ट्रेनिंग घेतलेला काउन्सेलर मागा. काही दिवस गोळी लागली तर घ्या, बीपीची घेतो तशी. आणि रात्री तीनला अगदीच जीव घाबरला तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, २०२२ पासून सुरू आहे, पैसे लागत नाहीत, चोवीस तास चालतो. कुणीतरी फोन उचलतं. नदीची पातळी फोन उचलत नाही.

मॅडम, तुमचं सदर नियमित वाचतो पण एक तक्रार आहे. हल्ली काही झालं की बालपण. आम्ही रावपुऱ्यात सहा भावंडं एका खोलीत वाढलो, मास्तरांच्या छड्या खाल्ल्या, वडिलांनी पट्ट्याने मारलं, काही झालं नाही. नोकरी केली, मुलं शिकवली. आणि लांब कशाला, आपल्या सयाजीराव महाराजांना बाराव्या वर्षी कवळाण्यासारख्या खेड्यातून उचलून थेट गादीवर बसवलं, लिहिता-वाचता येत नव्हतं, आई गावाकडे. त्यांना कुठे झाला ट्रॉमा? त्यांनी तर सक्तीचं मोफत शिक्षण आणलं. माणसाने आपल्या दुबळेपणाला बालपणाची सबब देऊ नये. (वय ६१)

काका, तक्रार मला आवडली, खोटं नाही सांगत. यात तुमचं अर्धं म्हणणं बरोबर आहे म्हणून आधी तेच घेते. बालपण वाईट गेलं म्हणजे माणूस मोडणारच असं अजिबात नाही. हवाई बेटांमध्ये काउआई नावाचं एक बेट आहे, तिथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांच्या मागे एमी वर्नर नावाच्या बाई आणि त्यांचे सहकारी कित्येक वर्षं लागले होते, म्हणजे मुलं चाळीशीची होईपर्यंत. त्यातली जी मुलं गरिबी, दारू, घरातली भांडणं असल्या चारी बाजूंच्या अडचणीत वाढली त्यांच्यातली साधारण एक तृतीयांश मोठी होऊन चांगली निघाली, कामात, संसारात, सगळ्यात. मग या बाईंनी बघितलं की यांच्याकडे असं काय होतं. तर बहुतेकांच्या आयुष्यात निदान एक मोठं माणूस भरवशाचं होतं. आई-वडीलच असं नाही, आजी, मावशी, शाळेतली बाई, शेजारी, कुणीही.

आता महाराजांकडे या. ते गोपाळराव म्हणून आले ते एकटे नव्हते आले, भाऊ बरोबर होते, संपतराव तर पुढे बडोद्याचेच झाले. दत्तक घेणाऱ्या जमनाबाई होत्या, शिकवायला इलियटसाहेब होते आणि ते वर्षानुवर्षं राहिले. म्हणजे माणसं होती की हो. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मात्र तुम्हालाही ठाऊक नाही आणि मलाही नाही, तेव्हा मेलेल्या राजाची तपासणी नको करूया. पण बाराव्या वर्षापर्यंत ज्याला अक्षर येत नव्हतं त्यानेच पुढे सक्तीचं शिक्षण आणावं यात बालपण कुठेच नाही, असं तुम्हाला खरंच वाटतं?

आणि "काही झालं नाही" याबद्दल, रागावू नका, पण हे वाक्य तुम्ही काकूंना आणि मुलांना वाचून दाखवा आणि त्यांचे चेहरे बघा. नसेलच काही झालं तर उत्तमच. पण माझ्याकडे "मला काही झालं नाही" म्हणणारे जे येतात ते बहुतेक वेळा स्वतःहून येतच नाहीत, त्यांना कुणीतरी आणतं. कोरोनात नोकरी गेली, धंदा बसला, कुणी घरातलं गेलं, आणि तीस वर्षं ताठ उभा असलेला माणूस अचानक कुणाशी बोलेना, नाहीतर ताट भिरकावायला लागला. पट्टा खाताना तो एकच गोष्ट शिकला होता, की रडायचं नाही आणि कुणाला सांगायचं नाही. सगळं सुरळीत आहे तोवर एवढ्यावर चालतं. संकट आलं की मदत मागावी लागते आणि तो धडा त्याच्या पुस्तकात नसतोच. सबब आणि कारण यात फरक आहे काका. गुडघा लहानपणी मोडला होता हे डॉक्टरला सांगणं ही सबब नाही.

हाय ताई, मी २७, अलकापुरीला जॉब करते. फॅमिली ग्रुपवर कुणीतरी एक टेस्ट फॉरवर्ड केली, लहानपणी घरात हे हे झालं का असे १० प्रश्न, प्रत्येक हो ला एक मार्क. माझे ६ आले. खाली लिहिलंय की ४ च्या वर आले तर डिप्रेशन, हार्ट, आयुष्य कमी, सगळंच. तीन दिवस झाले मी गूगलच करतेय. मी आधीच खराब झालेय का?

नाही. आणि गूगल बंद कर आधी, मग पुढे वाच.

टेस्ट खरी आहे, वापर चुकीचा आहे. फेलिटी आणि आंडा नावाच्या दोन डॉक्टरांनी अमेरिकेत १९९५ ते ९७ मध्ये १७ हजारांवर लोकांना असे प्रश्न विचारले. मजा म्हणजे सुरुवात लठ्ठपणाच्या क्लिनिकपासून झाली, वजन छान उतरत असलेले पेशंटच मधेच सोडून जायला लागले म्हणून फेलिटींनी त्यांच्याशी बोलायला सुरुवात केली आणि लहानपणचं बाहेर यायला लागलं. पुढच्या मोठ्या अभ्यासात दिसलं की जितके मार्क जास्त तितका त्या गटात पुढे आजारांचा धोका जास्त. गटात, कळलं? जसं पावसाचा अंदाज अख्ख्या जिल्ह्याचा असतो, तुझ्या गच्चीवर किती पडेल ते त्यात नसतं. यातल्याच आंडांनी २०२० मध्ये सहकाऱ्यांबरोबर लेख लिहून सांगितलं की हा आकडा एकेका माणसाचं भविष्य सांगायला वापरू नका. कारण त्यात किती वेळा झालं, किती वर्षं चाललं, किती वयात, हे काही नाही, आणि वाचवणारं कोण होतं हे तर विचारलेलंच नाही. तू वही घे आणि अकरावा प्रश्न स्वतः लिही, लहानपणी मी कुणाकडे पळत जायची? त्या माणसाला फोन कर, असेल तर.

आणि ते ६ हो आहेत ना, ते तीन दिवसांपूर्वीही होतेच, तू तेव्हा जॉब करत होतीस, गरबाही खेळत असशील. त्यातलं एखादं आत्ता टोचतंय असं वाटलं तर काउन्सेलरशी बोल, मार्क न सांगता, नुसती गोष्ट सांग. आणि फॅमिली ग्रुपवर असली टेस्ट कोण फॉरवर्ड करतं गं, ज्या घरात झालं त्याच घरात.

ताई, आम्ही समा भागात राहतो. पुरात मी, बायको आणि मुलगा (तेव्हा ६ वर्षांचा) दोन रात्री गच्चीवर होतो, शेजाऱ्यांसकट. मुलगा अजून मगरींची चित्रं काढतो, पलंगाखाली मगर, बाथरूममध्ये मगर. शाळेतल्या बाई म्हणाल्या लक्ष ठेवा. पण खरा प्रॉब्लेम मी आहे. परवा लाइट गेली, मुलगा किंचाळला आणि मी त्याच्यावर असा ओरडलो की मला माझ्या वडिलांचा आवाज ऐकू आला, शब्द पण तेच, "गप, एक शब्द नको". मी ठरवलं होतं की मी कधी असा होणार नाही. मुलाच्या मनावर हे कायमचं बसेल का?

तुम्हाला आवाज ऐकू आला हे किती चांगलं झालं. तुमच्या वडिलांना बहुधा स्वतःचा ऐकू येत नव्हता.

संकटात आपण विचार करून वागत नाही, आधीचं पाठ झालेलं बाहेर पडतं. तुमच्या घरी अंधार झाला, मूल रडलं की काय करायचं याचं एकच उदाहरण तुम्ही बघितलेलं, तेच तोंडात आलं. दुसरं उदाहरण तुम्हाला आता तयार करावं लागेल आणि ते लाइट असताना पाठ करावं लागेल, हसू नका, खरंच पाठ. दिवे गेले की मी आधी काय म्हणणार, तर "मी इथेच आहे, टॉर्च शोधतोय". एवढं एक वाक्य. बायकोसमोर म्हणून बघा दोन-चार वेळा, ती हसेल, हसू दे.

कायमचं बसेल का, तर एका ओरडण्याने नाही. एड ट्रॉनिक नावाच्या मानसशास्त्रज्ञांचा १९७० च्या दशकातला एक प्रयोग आहे, आई बाळाशी छान खेळत असते आणि मग ती ठरवून दोन-तीन मिनिटं चेहरा एकदम दगडासारखा करते. बाळ आधी हसून बघतं, हात पुढे करतं, मग किंचाळतं, मग मान फिरवून घेतं. बघवत नाही खरं तर. पण त्याच प्रयोगात पुढे आई परत हसते, जवळ घेते, आणि बाळ हळूहळू परत येतं. ट्रॉनिक यांचं म्हणणं पुढे हेच राहिलं की आईवडील आणि मूल यांचे सूर बराच वेळ चुकतातच, चांगल्या घरांतही, मुलाला घडवतं ते चुकल्यावर परत जुळवणं. तुमच्या लहानपणी चुकणं होतं, जुळवणं नव्हतं. वडील ओरडून झोपायचे आणि सकाळी काही झालंच नाही असा चहा व्हायचा, बरोबर ना?

तेव्हा आज संध्याकाळी मुलाशेजारी बसा आणि नीट सांगा, परवा लाइट गेली तेव्हा मी तुझ्यावर ओरडलो, तू घाबरला होतास, तुझी चूक नव्हती, मी पण घाबरलो होतो. "पण तू किंचाळलास म्हणून" हे शेपूट लावायचं नाही. बाबा घाबरतात हे ऐकून मूल खचत नाही, त्याला तर तो गच्चीवरच दिसलेला असतो तुमचा चेहरा. २०१९ च्या पुरातला तो फोटो आठवतो का, पोलीस गळ्याएवढ्या पाण्यात टबात बाळ ठेवून डोक्यावर घेऊन चाललेत, सगळे वसुदेव म्हणत होते त्यांना. त्या बाळाला पूर आठवणार नाही. आपल्याला खालून कुणीतरी घट्ट धरलं होतं, एवढं कदाचित अंगात कुठेतरी राहिलं असेल.

मगरींची चित्रं थांबवू नका. मूल ते कागदावर काढतंय म्हणजे त्याचं काम नीट चालू आहे, आणि आपल्या गावात मगर ही काही कल्पनेतली गोष्ट नाहीये. फक्त शेजारी बसून विचारत जा, ही काय खाते, हिला कोण घेऊन जातं, मग ती कुठे राहते. एखाद्या दिवशी तो स्वतःच वनखात्याची जीप काढेल. झोपेत अंथरूण ओलं होणं, शाळेला नको म्हणणं, जेवण तोडणं असं काही बरेच दिवस चाललं तर मुलांच्या काउन्सेलरकडे न्या, नाहीतर घाई नाही.

टॉर्च त्याच्या हातात द्या, सेल बदलायचे काम त्याचं. पण तेवढंच हं. धाकट्यांना सांभाळ, आईला धीर दे, असलं काही त्याच्यावर टाकू नका, वरचं पहिलं पत्र परत वाचा हवं तर. आणि जीप काढली तर फोटो पाठवा मला.